रविवारची वही

झाशीच्या सदर बाजारातील आमच्या घराच्या जिन्याखाली एक काळी सायकल भिंतीला टेकून उभी आहे. तिच्या दोन्ही चाकांतील हवा केव्हाच गेली. मडगार्डवर साचलेली धूळ मी दसऱ्याला पुसते, हळदकुंकू वाहते आणि पुढे वर्षभर तिच्याकडे पाहण्याचे टाळते. सायकल ह्यांची. लग्न होऊन मी या घरात आले ते १९८६ साली. तेव्हाही ती याच जागी उभी होती आणि दर रविवारी पहाटे पाच वाजता जिन्याखालून तिच्या साखळीचा आवाज येत असे. त्या आवाजाने मला जाग येई, आणि जाग येताच थोडा राग येई. आठवड्यातून एक सुटीचा दिवस, आणि हा माणूस तोही घरात काढत नाही!

हे रेल्वेत होते. सहा दिवस कचेरीची फाईल, सातव्या दिवशी ओरछा. सदर बाजारातून ओरछा सुमारे १८ किलोमीटर. जाऊन-येऊन ३६ किलोमीटर सायकल हाणून हे दुपारी एकच्या सुमारास परतत, तेव्हा त्यांच्या धोतराला गोखरू चिकटलेले असत आणि चेहऱ्यावर एक शांत थकवा असे. मी ताट वाढता वाढता विचारी, "मग, आज किती जण भेटले?" त्या प्रश्नात जिज्ञासा कमी आणि बोचरेपणा अधिक असे. हेही तेवढ्याच थोडक्यात उत्तर देत : "चौदा जण." किंवा, "आज नऊच." एकदा केव्हातरी म्हणाले होते, "आज कोणीच भेटले नाही," आणि त्या दिवशी ते नीट जेवले नव्हते. नदीकाठी ह्यांचा कुणी पत्त्यांचा अड्डा असावा अशी माझी समजूत होती. एका वहीत ते काहीतरी रेघा ओढून ठेवत. तो मला खेळातल्या हरजितीचा हिशेब वाटे.

झाशीच्या मराठी माणसाचे जगणे जरा दुहेरी असते. १७२९ साली बाजीराव पेशवे छत्रसालाच्या मदतीला धावले, बुंदेलखंडाचा एक हिस्सा मराठ्यांकडे आला, १७४२ मध्ये नारोशंकर इथे सुभेदार झाले. त्या वाटेने दक्षिणेतली कितीतरी घरे इकडे आली आणि इथलीच होऊन गेली. नेवाळकर स्वतः रत्नागिरीकडच्या कोटचे. माझ्या सासरचे मूळही कोकणातले. पण कोकण म्हणजे कोणत्या दिशेला, हे सासूबाईंना सांगता आले नसते. त्या "मी बाजार जाऊन येते" असे म्हणत, पुरणाला "भरावन" म्हणत, आणि तरी गौरीच्या दिवशी मराठी आरतीचा एक शब्द चुकू देत नसत. ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये लक्ष्मीबाईंचे लग्न लागले त्या मंदिरातल्या गणेशोत्सवाला जाणे हा आमचा वर्षातला सर्वांत मोठा प्रवास. आम्ही राहत होतो बुंदेलखंडात, पण तोंड दक्षिणेकडे करून. पाठीमागे काय आहे ते वळून पाहण्याची गरज पिढ्यान् पिढ्या कुणाला वाटली नाही. वाटली ती फक्त ह्यांना.

मी वाईची. कृष्णेच्या घाटावर माझे बालपण गेले. ते ऐकून लोकांना वाटते, या बाईला नदीचे वेड असणार. पण आमच्या वेळी घाटावरची वाटणी ठरलेली होती. मुलगे कमरेला सुका भोपळा बांधून पाण्यात उड्या घेत. मुली पायरीवर बसून धुणी धूत आणि घोट्यापर्यंत भिजून घरी येत. नदीने माझे घोटे तेवढे ओळखले. त्याच्यावरची मी तिला अनोळखी, आणि ती मला भीतिदायक.

इतिहास हा माझा विषय. इथल्या शाळेत पंचवीस वर्षे मी मुलींना १८५८ शिकवले. मार्चच्या २१ तारखेला ह्यू रोजची फौज झाशीपुढे आली. तात्या टोपे मदतीला धावले, आणि १ एप्रिलला बेटवेच्या काठी त्यांचा पराभव झाला. ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडली. फळ्यावर मी बेटवेची निळी रेघ काढी, तिच्यावर बाण काढी. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'बद्दलही सांगत असे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार म्हणून दक्षिणेच्या आशेने हा भिक्षुक पायी निघाला, आणि ऐन वेढ्यात झाशीत सापडला. या एवढ्या मोठ्या पायपिटीचे मला कोण कौतुक! पण ज्या नदीवर मी पंचवीस वर्षे बाण काढले तिच्या वाळूत मी कधी पाऊल ठेवले नव्हते. ओरछाला गेले होते ते रामराजाच्या दर्शनाला, पाहुण्यांबरोबर, मोटारीतून. दर्शन, पेढे, आणि परत. नदी पुलावरूनसुद्धा पाहिली नव्हती.

हे जाऊन तीन वर्षे झाली. मुलगा पुण्याला आहे. यंदाच्या माघात त्याने माझ्या नणंदेच्या मुलीला माझ्याकडे पाठवले. ती पुण्यात पशुवैद्यक आहे, धीट आहे, आणि माझ्याशी मोकळेपणाने बोलते. कामगिरी उघड होती : मामीला घर विकायला राजी करायचे. दोन दिवस तिने तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मामी, उद्या आपण दोघी ओरछाला जायचे. सकाळी सायकल, मग जंगलात पायी, आणि दुपारी नदीत कायाक. वाटाड्या ठरवला आहे."

"माझे वय त्रेसष्ट आहे," मी म्हटले.

"सायकल येते ना?"

सायकल येत होती. वाईला कॉलेजात मी सायकलनेच जात असे. पण खरे कारण ते नव्हते. ह्यांनी मला बोलावले होते. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात, मग मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर, आणि मग निवृत्तीच्या वर्षी : असे तीनदा. तिन्ही वेळा मी काहीतरी काम पुढे केले होते. ज्याच्याबरोबर जायचे त्याच्याबरोबर न जाता आता भाचीबरोबर जायचे, यात मला काहीतरी अपराध वाटत होता. रात्री मात्र झोप येईना. जिन्याखाली जाऊन मी सायकलीवर हात ठेवून उभी राहिले. तिचा दांडा उंच होता, ती माझ्या उपयोगाची नव्हती. पहाटे पाचला मी उठले, आणि साखळीचा आवाज नसतानाही मला जाग आली याचे नवल करीत धपाट्यांचे पीठ मळायला बसले.

सदर बाजार हा छावणीचा बाजार. दिवसा तो लष्करी गणवेश शिवणाऱ्या शिंप्यांचा, संध्याकाळी चाटच्या गाड्यांभोवती जमणाऱ्या कुटुंबांचा. पण पहाटे तो कुणाचाच नसतो. बंद दुकानांच्या फळ्या, एखाद्या चहाच्या टपरीतला धूर, धुक्यातून येणारी कवायतीची शिट्टी. हा सदर बाजार मी कधी पाहिला नव्हता. हे तो दर रविवारी पाहत होते. ऑटोरिक्षा तिगैल्याला वळली, उत्तर प्रदेश संपून मध्य प्रदेश सुरू झाला, आणि धुक्यातून चतुर्भुज मंदिराची शिखरे एकदम वर आली.

ओरछा ही बुंदेल्यांची जुनी राजधानी. १५३१ च्या सुमारास रुद्रप्रतापाने ती वसवली. इथल्याच वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये झाशीचा किल्ला बांधला. म्हणजे आमची झाशी ही ओरछाची लेक. १७८३ मध्ये राजधानी टिकमगढला हलली आणि हे गाव जणू ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत थांबले. राजा तेवढा राहिला, आणि तो म्हणजे राम. इथे रामाला देव म्हणून नव्हे, राजा म्हणून पुजतात. आजही सशस्त्र पोलीस त्याला सलामी देतात.

आमचा वाटाड्या पंचविशीचा, ढीमर घरातला पोरगा. बाप आणि आजा मासे धरणारे, होडी चालवणारे. तो मला "अम्मा" म्हणू लागला आणि मी त्याला "बेटा". त्याने दोन भाड्याच्या सायकली आणल्या होत्या. माझ्या सायकलीची बैठक खाली केली, ब्रेक दाबून पाहिले आणि म्हणाला, "धीरे चलेंगे अम्मा. जंगल कहीं भागा नहीं जा रहा."

गावाबाहेर बेटवेवर जुना, अरुंद, बसका पूल आहे. पावसाळ्यात पाणी चढले की तो पाण्याखाली जात असे, असे तो सांगत होता. पुलावर मी सायकलवरून उतरले आणि हातात धरून चालू लागले. दोन्ही बाजूंनी पाणी काळ्या-करड्या खडकांतून वाट काढत खळखळत होते. याच नदीचे जुने नाव वेत्रवती. कालिदासाच्या यक्षाने मेघाला विदिशेपाशी हिचेच पाणी पिऊन जायला सांगितले आहे. रायसेन जिल्ह्यात उगवून ही उत्तरेला वाहते आणि हमीरपूरजवळ यमुनेला मिळते. हे सारे मला पाठ होते. पण पाणी आवाज करते, त्याला वास असतो, आणि पहाटे त्यातून वाफ निघते, हे पाठ नव्हते.

पूल ओलांडला की अभयारण्य लागते. बेटवा आणि जामनी या दोन नद्यांच्या मध्ये सापडलेली ही सुमारे ४५ चौरस किलोमीटरची जमीन. १९९४ मध्ये ती अभयारण्य झाली. आत डांबरी रस्ता थोडा, मग मुरुमाची वाट. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या गुडघ्यांनी मला प्रत्येक चढ मोजून दाखवला. उतारावर मात्र अचानक केस उडू लागले, डोळ्यांत पाणी आले, आणि वाईच्या कॉलेजकडे जाणारी मुलगी क्षणभर माझ्या आधी पुढे निघून गेली. भाची मागून ओरडली, "मामी, ब्रेक!" वाटेवर एक नीलगाय उभी होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि काही निकड नसल्यासारखी झुडपात शिरली.

पुढे सायकली एका पहाऱ्याच्या खोलीपाशी ठेवून आम्ही पायी निघालो. उन्हे वर आली होती. मी तोपर्यंत त्या जंगलाकडे 'झाडे' म्हणूनच पाहत होते. वाटाड्या एकेक नाव सांगू लागला. तेंदू, खैर, छेवला. छेवला म्हणजे आपला पळस, एवढे मी ओळखले. मग एका बारीक पानांच्या, ओणव्या फांद्यांच्या झाडापाशी तो थांबला. "ये करधई है अम्मा. यहाँ का राजा." आमच्याकडच्या धावड्याचे हे भावंड. उन्हाळ्यात वाळून काडी होते, पण पाऊस पडायच्या आधी नुसती हवा दमट झाली तरी याला पालवी फुटते, असे इथले लोक मानतात. चाळीस वर्षे मी या झाडाच्या प्रदेशात राहिले आणि त्याचे नाव मला आज कळत होते. मी खोडाला हात लावला. खरखरीत होते. एखाद्या शेजाऱ्याला वर्षानुवर्षे जिन्यात पाहून एक दिवस नाव विचारावे, तशी ती ओळख होती. आनंदाची, आणि थोडी लाजिरवाणी.

खडकांचेही तसेच. ही बुंदेलखंडाची ग्रॅनाइटची भूमी सुमारे अडीचशे कोटी वर्षांची आहे. माझ्या वाईचा काळा पाषाण, तो सह्याद्रीचा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे याच्यापुढे कालचे मूल. मी १८५८ ला 'फार जुनी गोष्ट' म्हणत असे. त्या गुलाबी-करड्या दगडावर बसून मी पाणी प्याले, तेव्हा आपल्या विषयाचा आवाका केवढासा आहे याची जाणीव झाली. तात्यांची फौज ज्या नदीतून आली आणि परतली, तिचे खडक तेव्हाही असेच होते. पळणाऱ्या माणसांनी त्यांच्यावर हात टेकले असतील. फळ्यावरच्या बाणाला हात नसतात.

दुपारी काठावरच्या सावलीत शिदोऱ्या सोडल्या. मी धपाटे आणि संक्रांतीचा उरलेला तिळगूळ काढला. वाटाड्याने फडक्यातून गकरिया आणि वांग्याचे भरीत काढले. शेणीच्या आचेवर भाजलेल्या त्या कणकेच्या गोळ्यांना धुराचा वास होता. हे पुष्कळदा घरी येऊन म्हणत, "गकरिया खाऊन आलो, भूक नाही." मला तेव्हा अपमान वाटे. आता तो घास तोंडात असताना माझ्या लक्षात आले की भूक नसण्याचे ते अगदी खरे कारण होते.

मी धीर करून वाटाड्याला विचारले. एक रेल्वेचे बाबू, धोतर नेसणारे, काळी सायकल, दर रविवारी यायचे. कधी पाहिले होते का? त्याने मनापासून आठवून पाहिले. मग मान हलवली. "बहुत लोग आते हैं अम्मा." काठावर जाळे सुकवणाऱ्या एका म्हाताऱ्यालाही त्याने हाक मारून विचारले. त्यालाही आठवत नव्हते. मी हसले खरी, पण घास गिळताना जड गेले. माणूस तीस-पस्तीस वर्षे एका जागी येतो आणि त्या जागेला त्याची खूण राहत नाही. घर विकले की सदर बाजारालाही आमची खूण राहणार नव्हती.

मग नदी. कायाक हा शब्द उत्तर ध्रुवाकडच्या इन्यूइट लोकांचा. सीलच्या कातड्याने मढवलेल्या अरुंद नावेतून ते एकेकटे शिकारीला जात. आमच्यापुढे होती ती पिवळ्या प्लॅस्टिकची, दोन माणसांची नाव, आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे. मला फुगीर जॅकेट घालून त्याचे पट्टे करकचून आवळण्यात आले. "हे तुमचे भोपळे," भाचीला मी म्हटले. तिला ते कळले नाही. वाईच्या घाटावर भोपळा बांधायला मला त्रेसष्ट वर्षे लागली होती.

ती एकटी दुसऱ्या नावेत बसली. माझ्या मागे वाटाड्या. पहिली काही मिनिटे मी नावेच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवल्या आणि वल्हे मांडीवर आडवे पडून राहिले. पाणी माझ्या कमरेपासून वीतभर अंतरावर होते. "अम्मा, नाव को मत पकड़ो. वल्हे को पकड़ो. नाव अपने आप ठहरेगी," तो म्हणाला. जे हलते आहे त्याला धरून स्थिर होता येत नाही, एवढी साधी गोष्ट. पण हात सोडायला मला फार वेळ लागला. सोडले, तेव्हा नाव खरोखरच शांत झाली. उजवे पाते, डावे पाते. थेंब मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होते. एक पाणकावळा खडकावर पंख पसरून उभा होता. एक खंड्या निळी रेघ ओढून गेला.

एका ठिकाणी दोन खडकांमधून पाणी वेगाने घसरत होते. वाटाड्याने सांगितले, "बीच में रखना." मी घाबरून नेमके उलटे वल्हवले. नाव खडकाला लागली, आडवी झाली आणि आम्ही दोघे पाण्यात पडलो. थंडीने छाती आवळली, कानांत घूं घूं झाले. मग जॅकेटाने मला वर उचलले आणि पायाला वाळू लागली. पाणी छातीइतकेच होते. मी उभी राहिले. घोट्यापुरती ओळख असलेली नदी आता गळ्याशी आली होती, आणि मी उभी होते. भाची धावपळ करीत नाव वळवत होती. वाटाड्या विचारत होता, "ठीक हो अम्मा?" मी काही बोलले नाही. मला हसू येत होते आणि रडूही येत होते, आणि चेहरा भिजलेला असल्यामुळे कोणते काय हे कुणाला कळणार नव्हते. ती एक सोयच झाली.

पुन्हा नावेत बसून आम्ही कंचना घाटाच्या बाजूला आलो. आणि पाण्यातून मी त्या छत्र्या पाहिल्या. ओरछाच्या राजांच्या समाध्या. काठावर ओळीने उभ्या, उंच, शिखरे मावळतीच्या उन्हात मधाच्या रंगाची. वीरसिंहदेवाची छत्री इतरांपासून वेगळी, शिखराविना, चौकोनी, गढीसारखी. वाटाड्याने वल्हे थांबवले, हात कपाळाशी नेला आणि सवयीने मोजू लागला. ओठ हलत होते. मग म्हणाला, "आज ग्यारह जने बैठे हैं."

"कौन?" मी विचारले.

"गिद्ध, अम्मा. वो देखो, कँगूरे पे."

मी पाहिले. शिखरांच्या कोनाड्यांत, कंगोऱ्यांवर मोठे करडे पक्षी माना आत घेऊन बसले होते. एका कोनाड्यात काटक्यांचा ढीग आणि त्यावर एक मान. अकरा जण.

नाव आपोआप किंचित फिरत होती. चौदा जण. आज नऊच. आज कोणीच भेटले नाही. पस्तीस वर्षांतील दुपारची ताटे एकामागून एक माझ्यापुढे आली. मी उपरोधाने विचारलेल्या प्रश्नाला एक माणूस दर रविवारी अगदी खरे उत्तर देत होता.

भाची जवळ आली होती. तिला मी काही सांगितले नाही, फक्त विचारले, "एवढी थोडी का गं?" तिने सांगितले ते तिच्याच पेशाचे दुखणे होते, म्हणून सावकाश सांगितले. डायक्लोफिनॅक नावाचे वेदनाशामक गुरांना सर्रास देत असत. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत आणि ती काही दिवसांत मरत. १९९० च्या दशकात गिधाडे का मरतात हे कुणालाच कळत नव्हते. कारण उलगडले ते २००४ मध्ये. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी ते औषध बंद झाले. पण १९९२ ते २००७ या काळात लांब चोचीची ही गिधाडे देशात जवळजवळ ९७ टक्क्यांनी घटली होती. "दुखणे थांबावे म्हणून दिलेले औषध होते ते, मामी," ती म्हणाली. "कुणाचा हेतू वाईट नव्हता." वर्षाला एक जोडी एकच अंडे घालते. गेलेले भरून यायला फार वेळ लागतो.

रामराजाचे गाव, आणि तिथल्या राजांच्या समाध्यांवर जटायूचे उरलेले गोत. हे वाक्य मला सुचले आणि वाटले, हे त्यांना सांगावे. इतक्या वर्षांत त्यांना सांगण्याजोगे पहिलेच वाक्य ओरछाबद्दल मला सुचले होते.

रात्री घरी आल्यावर मी कपाटातून ती वही काढली. एक नव्हे, चार वह्या निघाल्या. पहिली १९८७ ची. दर ओळीला तारीख, मग 'वी', 'भा', 'सु' अशी अक्षरे, बहुधा छत्र्यांच्या मालकांची, आणि पुढे उभ्या रेघा, पाचवी आडवी. सुरुवातीच्या पानांवर रेघांची दाटी. १९९६-९७ नंतर पाने मोकळी दिसू लागतात. एका रविवारी पुढे काहीच नाही, फक्त एक टिंब. तो ते नीट न जेवल्याचा रविवार असावा. पण पुढच्याच आठवड्यात पुन्हा तारीख आहे. कुणी भेटणार नाही हे माहीत असूनही हा माणूस जात राहिला. मग अनेक वर्षांनंतर दोन रेघा, चार, पाच.

शेवटच्या रकान्यात शेरे होते. 'धुके.' 'नदीला पाणी फार.' 'घरी, बाळाला ताप.' आणि मधूनच, बारीक अक्षरात : 'विचारले. नाही म्हणाली.' मी बोटाने एकेक पान लावत गेले. माझ्या आठवणीत त्यांनी मला तीनदा बोलावले होते. वहीत मोजले, तर अकरा वेळा.

मी त्याचा अर्थ लावत बसले नाही. अकरा हा आकडा दोन्हीकडे यावा हा योगायोग; इतिहासाच्या शिक्षिकेने योगायोगाला पुरावा मानू नये. पण वही मिटवतही नव्हती. नकार देताना मला प्रत्येक वेळी वाटत होते की मी रविवारची एक सकाळ नाकारते आहे. ते मात्र काय दाखवायला बोलावत होते? एक जात डोळ्यांदेखत संपत होती, तिचे कारण कुणाला कळत नव्हते, आणि रेल्वेचा एक कारकून दर आठवड्याला तिची हजेरी घेत होता. ही गोष्ट त्यांना एकट्याने पाहायची नव्हती. सांगता येत नव्हती, म्हणून ते फक्त आकडा सांगत. तो ऐकायचा कसा, हे मला येत नव्हते. दोष द्यायचा तर दोघांच्याही मितभाषीपणाला द्यावा लागेल. पण त्यांनी अकरा वेळा विचारले होते, मी एकदाही विचारले नव्हते.

केन आणि बेटवा जोडण्याच्या प्रकल्पाची पायाभरणी २०२४ च्या डिसेंबरमध्ये झाली. २२१ किलोमीटरचा कालवा होईल, बुंदेलखंडाची तहान भागेल असे म्हणतात. पन्नाच्या जंगलाचे काय, असेही विचारतात. यापुढे ही नदी कशी होईल ते मला सांगता येणार नाही. पण जे बदलणार आहे त्याची कुणीतरी नोंद ठेवली पाहिजे, एवढे मला माझ्या विषयाने शिकवले आहे. राजांची नोंद ठेवणारे पुष्कळ झाले. त्यांच्या छत्र्यांवर कोण बसते याची नोंद एका वहीत आहे, आणि ती सदर बाजारात आहे.

मी दौतीजवळचे त्यांचेच पेन घेतले. ते चालेना. भाचीचे घेतले. शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडली, तारीख घातली आणि रेघा ओढल्या. पाच, पाच, एक. शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ काही सुचले नाही. मग लिहिले : 'आले.'

सकाळी भाचीने चहा पिता पिता शेवटी विषय काढलाच. "मग मामी, दादाला काय सांगू?"

"त्या कोनाड्यात पिलू आहे," मी म्हटले. "ते उडेपर्यंत काही ठरवणार नाही म्हणावे. आणि जाताना कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला निरोप दे. बायकांची एखादी जुनी सायकल असेल तर दाखव म्हणावे."